वटवाघळाच्या अंगावरचे कोळ्यासारखे किडे माणसाला चावतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंडला तुमच्या चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत वटवाघूळ पडलं, उंदराएवढं, कोल्ह्यासारख्या तोंडाचं, कानांना पांढरी किनार. तुम्ही टॉवेल टाकून ते उचललं, अंधार पडल्यावर ते उडूनही गेलं. पण टॉवेलवर एक कोळ्यासारखा किडा पळताना दिसला आणि तेव्हापासून घरात कुणाला झोप नाही. तो किडा चावतो का, त्यातून निपाह होतो का, आणि सोसायटीवाले म्हणतात तसं, वटवाघळं येतात म्हणून आवारातलं बदामाचं झाड तोडून टाकावं का?

मी प्राणिशास्त्र शिकवते. त्याआधी दोन हंगाम वटवाघळांवर संशोधन करणाऱ्या एका गटाबरोबर हमाली केली आहे. जाळी लावणं, पिशव्या धरणं, नोंदी लिहिणं. त्यामुळे तुमचा तो ‘कोळी’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे.

तो कोळी नाही, माशी आहे. पंख नसलेली माशी. पाय मोजले असते तर सहाच भरले असते, पण ती इतकी पळते की मोजायला थांबतंय कोण! निक्टेरिबिड नावाचं हे कुळ फक्त वटवाघळांवर जगतं. अंग चपटं, डोळे नावापुरते, पायांना आकड्यांसारख्या नख्या, आणि डोकं मागे दुमडून पाठीवरच्या खोबणीत ठेवलेलं. त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हिला मुंडकंच नाही. रक्त प्यायची वेळ आली की ते पुढे येतं. अंगावर कंगव्यासारख्या राठ केसांच्या रांगा असतात. वटवाघळाने कितीही खाजवलं तरी त्या केसांत अडकून राहतात आणि माशी सुटून पडत नाही.

तिचं बाळंतपण तर ऐकण्यासारखं आहे. ही अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतल्या आत दुधासारखा रस पाजते, आणि अळी पूर्ण वाढली की वटवाघळाच्या अंगावरून उतरून त्याच्या बसायच्या जागी, भिंतीला किंवा फांदीला, चिकटवून परत अंगावर चढते. तिथे कोष होतो, त्यातून नवी माशी निघते आणि तिला लगेच वटवाघूळ सापडावं लागतं. नाही सापडलं तर एक-दोन दिवसांत ती उपाशी मरते. तुमच्या टॉवेलवरची आत्तापर्यंत मेलेली असणार. पलंगाखाली, गादीत, सोफ्यात ती घर करू शकत नाही. मुलुंडच्या टू बीएचकेमध्ये तिचं नांदणं शक्यच नाही.

चावते का? वटवाघूळ जाळ्यातून सोडवून कापडी पिशवीत ठेवायचं, वजन-माप झालं की सोडायचं, आणि पिशवी उलटी करायची, की हमखास दोन-तीन माश्या आतल्या शिवणीवरून धावत असायच्या. चिमट्याने पकडून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचं काम माझं. हातमोजा आणि बाही यांच्या मधल्या मनगटावरून त्या कितीदा तरी चालल्या, एकदा थेट मानेपर्यंत पोचली. चावली एकही नाही. माणसाला चावल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण त्या वटवाघळं रोज हाताळणाऱ्यांच्या.

माशी एकटीच नसते म्हणा. वटवाघळाचा पंख विजेरीसमोर ताणून धरला की त्या पातळ कातड्यावर, शिरांच्या आजूबाजूला, रव्याचे कण सांडल्यासारखे दिसतात. थोड्या वेळाने एखादा कण सरकतो. हे माइट, गोचिडीचे चुलत भाऊ, आयुष्यभर पंखावरच राहणारे. काही वटवाघळांवर त्यांच्यासाठीच्या वेगळ्या पिसवा असतात. मऊ अंगाच्या गोचिडी असतात, त्या दिवसभर भेगांत दडतात. आणि ढेकूण असतात. हो, ढेकूणच, त्याच कुळातले. आपल्या गादीतले ढेकूण वटवाघळांच्या गुहांतून माणसाकडे आले असं बरीच वर्षं शिकवत होते. 2019 मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की ढेकणांचं कुळ सुमारे 11 कोटी 50 लाख वर्षांपूर्वीचं, म्हणजे वटवाघळांपेक्षाही जुनं आहे. गिरगावच्या चाळीत खाटा उन्हात टाकून त्यांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतणाऱ्या माझ्या आजीला हे कळतं तर तिने काय म्हटलं असतं कोण जाणे. उवा मात्र वटवाघळाला होत नाहीत. इतके सगळे पाहुणे सोसणाऱ्या प्राण्याच्या अंगावर ऊ नसावी, याची मला अजूनही गंमत वाटते.

बहुतेक परजीवी यजमानाला इतके बांधलेले असतात की दुसऱ्या घरी त्यांचं जमतच नाही. याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. 1896 मध्ये मांडवीत प्लेग आला तेव्हा तो कशाने पसरतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग आयोगाने प्रयोग केले. प्लेगच्या घरांत गिनीपिग ठेवले. जमिनीवर ठेवलेल्यांना लागण झाली, दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यांतले वाचले, कारण पिसूची उडी तिथवर पोचत नव्हती. उंदराची पिसू माणसाला धोकादायक ठरली ती तिच्या स्वभावामुळे. उंदीर मेला, अंग गार पडलं, की ती सरळ शेजारी उभ्या असलेल्या माणसावर उडी मारते. तिला कुणाचंही रक्त चालतं. वटवाघळाची माशी तशी नाही.

माश्या रोग पसरवतात, नाही असं नाही, पण वटवाघळांत. मलेरियाच्या जंतूचा पॉलिक्रोमोफिलस नावाचा एक भाऊबंद आहे. त्याला इकडून तिकडे नेतात त्या याच बिनपंखी माश्या. बार्टोनेला जातीचे जिवाणूही या माश्यांत सापडतात. तो त्यांच्या घरातला मामला आहे.

आता निपाह. इथे मात्र मी ‘काही नाही हो’ म्हणणार नाही.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली. त्यांतल्या दोन जातींत निपाहच्या खुणा मिळाल्या आणि 2021 मध्ये ही बातमी सगळ्या वाहिन्यांवर झळकली. त्याच संस्थेला त्याआधी सह्याद्रीतल्या गुहेतल्या फळखाऊ वटवाघळांत एक अगदी नवा विषाणू मिळाला होता, त्याचं नाव मालसूर. श्रीलंकेत मेलेल्या मोठ्या फळखाऊ वटवाघळांच्या मेंदूत रेबीजच्या कुळातला एक नवा विषाणू मिळाला, आणि ती जात म्हणजे आपल्या राणीच्या बागेत दिवसा उलटी टांगलेली दिसतात तीच. तेव्हा विषाणू असतात, हे मान्य करूनच पुढे बोलायचं.

वटवाघूळ स्वतः का मरत नाही? त्याची प्रतिकारशक्ती विषाणूला दाबून ठेवते, पण आपल्यासारखा आगडोंब करत नाही. माणूस बऱ्याचदा विषाणूपेक्षा शरीराच्या त्या आगडोंबानेच खचतो.

पण विषाणू सापडणं वेगळं आणि तो तुमच्यापर्यंत पोचणं वेगळं. मधे वाट लागते. मलेशियात 1998-99 मध्ये ती वाट डुकरांतून गेली: वटवाघळांनी अर्धवट खाल्लेली फळं डुकरांच्या गोठ्यात पडली, डुकरांकडून माणसांना लागण झाली, शंभरावर माणसं गेली. बांगलादेशात ती खजुरीच्या कच्च्या रसातून जाते, कारण रात्री मडक्याशी वटवाघळं येतात, रस चाटतात, त्यात मुततात. आपल्याकडे सिलिगुडीत 2001 मध्ये आणि केरळात कोझिकोडला 2018 मध्ये उद्रेक झाला तेव्हा रोग माणसाकडून माणसाला, मुख्यतः रुग्णालयांत आणि घरच्या शुश्रूषेत पसरला. या कुठल्याही वाटेवर अंगावरची माशी नाही. लाळ, मूत्र, उष्टं फळ आणि आजारी माणसाची जवळीक, एवढंच आहे.

म्हणून तुमच्यासाठी कामाच्या गोष्टी अगदी साध्या. उष्टं फळ, मग तो झाडाखाली पडलेला बदाम असो की गावाहून आलेला दात लागलेला पेरू, खायचं नाही. मुलांना तर बजावून ठेवा. आम्ही लहानपणी ‘वटवाघळाने उष्टावलेला आंबा गोड’ म्हणून तोच आधी उचलायचो, तो शहाणपणा आता पुरे. वसई-पालघरकडे फिरायला गेलात तर उघड्या मडक्यातली कच्ची नीरा टाळा. बाल्कनीत किंवा जिन्यात विष्ठा साचली असेल तर कोरडी झाडू नका. पाणी मारून ओली करा, तोंडाला मास्क लावा, मग उचला. सुक्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि तिची धूळ छातीत गेली तर आजार होतो. बंद गुहांत हा धोका जास्त, तुमच्या हवेशीर बाल्कनीत कमी, पण पाणी मारायला काय जातंय?

आणि एक प्रश्न मीच तुम्हाला विचारते, कारण तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. उचलताना त्याने चावलं का? ओरखडा आला का? त्याची लाळ तुमच्या जखमेला, डोळ्याला, ओठाला लागली का? यातलं काहीही झालं असेल तर बाकीचं वाचायचं सोडा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि दिवस गेले असले तरी आजच डॉक्टरकडे जा, वटवाघूळ होतं हे स्पष्ट सांगा. भारतात रेबीज येतो तो बहुतांशी कुत्र्याकडून, हे खरं. पण जागतिक आरोग्य संघटना वटवाघळाशी थेट संपर्क आला की तो सर्वांत गंभीर, तिसऱ्या वर्गात धरते, कारण त्याचे दात सुईसारखे असतात आणि खूण दिसतही नाही. जाळ्याला हात लावण्याआधी आम्हा सगळ्यांना लस घ्यावी लागली होती. पुढच्या वेळी असं पडलेलं दिसलं तर नुसत्या हाताने धरू नका. खोका उपडा घालून त्याखाली पुठ्ठा सरकवा आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

झाडाचं म्हणाल तर तुमच्या चेअरमनना माझा निरोप द्या. तुमच्या वर्णनावरून ते छोट्या नाकाचं फळखाऊ वटवाघूळ दिसतंय. ते बदामावर राहत नाही, फळ तोंडात धरून दुसरीकडे नेतं, चोथा करून थुंकतं. गाड्यांवरचे ते पिवळट डाग त्याचेच. बदाम तोडलात तर ते शेजारच्या उंबरावर, पिंपळावर जाईल आणि बाल्कनीच्या छताला लटकून तिथला माल खाईल. शिवाय हुसकून लावण्याने उलटंच होतं. घराच्या छपरातून वटवाघळं हाकलली की मागे राहिलेले त्यांचे ढेकूण आणि गोचिडी भुकेने खाली माणसांत उतरतात. यजमान जागेवर असता तर त्यांनी तुमच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. विषाणूंचंही तसंच. ऑस्ट्रेलियात निपाहच्या भावकीतला हेन्ड्रा विषाणू आहे. तिथल्या 25 वर्षांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की जंगल तुटलं, फुलोरा आला नाही, वटवाघळं उपाशी राहिली, की ती वस्तीजवळ येतात आणि त्यांच्या लघवीतून विषाणू जास्त सांडतो.

कायद्याचीही आठवण करून द्या. मुंबईत झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि फळखाऊ वटवाघळं पूर्वी वन्यजीव कायद्यात उंदरांच्या पंक्तीला ‘उपद्रवी’ म्हणून बसवलेली होती. 2022 च्या दुरुस्तीत त्यांना तिथून उठवलं. गाड्यांचंच दुःख असेल तर बदाम पिकतो तेवढे आठवडे वर कापड घाला. आमच्या सोसायटीत याच विषयावर दोन सर्वसाधारण सभा झाल्या. दुसऱ्या सभेत मी वटवाघळांची बाजू मांडत होते तेव्हा मागच्या कचराकुंडीवरून दोन घुशी निवांत चालत गेल्या. दर पावसाळ्यात लेप्टोने माणसं दगावतात ती उंदीर-घुशींच्या मुतामुळे. इतिवृत्तात मात्र घुशींचा उल्लेख नव्हता.

टॉवेल गरम पाण्यात साबणाने धुवा आणि खुशाल वापरा. आणि तो किडा मेलेला सापडला तर केरात टाकू नका. छोट्या बाटलीत पातळ सॅनिटायझर घालून त्यात बुडवून ठेवा, पाठीच्या बाजूने जवळून एक फोटो काढा आणि इथेच टाका. डोकं खोबणीत दुमडलेलं आहे का, मला बघायचं आहे.