नोंदणी सुधारायचीय? आधी म्हापशाला जा

लोक तुझ्या अ‍ॅपवरची नोंदणी अर्ध्यावर सोडतात म्हणून तू बटणांचे रंग बदलायला निघालायस. थांब जरा, आधी माणसं बघ.

सुरुवातीला ५ जण पुरेत. बहुतेक अडचणी तेवढ्यांतच दिसतात, हे वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी २००० सालीच मांडलंय. मात्र ते ५ जण ऑफिसातले मित्र नकोत. शुक्रवारी गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात जा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा विक्रेत्यांना विचारून त्यांच्याच फोनवर नोंदणी करायला सांग. आणि गप्प बस! नवख्यांना हेच जमत नाही. समोरच्याचं बोट अडखळलं की आपण "ते खालचं बटण दाबा" म्हणून मोकळे.

माझ्या पहिल्या फेरीत एक मासळीवाली मावशी ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेली आणि परत येते तो फॉर्म कोरा. पुन्हा नाव, पुन्हा नंबर. तिसऱ्यांदा तिने फोन पदराला पुसला आणि सरळ कमरेला खोचला. आमच्या आकडेवारीत ती नुसती "ओटीपीपाशी गळती" होती.

आणखी दोन चुका टाळ:

- "आवडलं का?" विचारू नकोस. लोक भिडेखातर हो म्हणतात. "आता काय होईल असं वाटतं?" हे विचार.
- पहिल्याच स्क्रीनवर ईमेल, जन्मतारीख, पत्ता मागू नकोस. आडनाव सक्तीचं कशाला, हे तर मला आजवर कळलेलं नाही.

ए/बी चाचण्या (वेगवेगळ्या लोकांना दोन रूपं दाखवून कुठलं चालतं ते बघणं), सर्वेक्षणं सगळं नंतर. पाचही जण कुठे अडले ते वहीत लिहून आण, मग पुढचं बोलू.