सगळे समजते, तरी सुटत नाही

“ताई, मी गावभर तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी सांगत फिरते आणि माझ्याच घरात सासूबाई दिवसातून पाच वेळा मिश्री लावतात. आता आणखी कसे समजावू?” अमळनेर तालुक्यातील एका आशाताईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या आवाजात रागापेक्षा शरम अधिक होती. हाच प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत नेहमी ऐकू येतो. कोणी नवऱ्याच्या तंबाखूबद्दल विचारते, कोणी रक्तदाबाच्या गोळ्या मध्येच बंद करणाऱ्या वडिलांबद्दल. म्हणून ही हकिकत ओळख पटू नये इतके तपशील बदलून येथे सविस्तर लिहीत आहे.

समजावण्यात आशाताईंनी काही कमी ठेवले नव्हते. पुडीवरचे कर्करोगाचे चित्र त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरले होते, मोबाइलवर चित्रफिती दाखवल्या होत्या आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढुरका चट्टा दिसल्यावर तर त्या रडल्याही होत्या. त्याचा परिणाम एवढाच झाला की सासूबाई ओसरीऐवजी गोठ्यात जाऊन मिश्री लावू लागल्या. त्या तंबाखू घरीच तव्यावर भाजून कुटत आणि मलमाच्या जुन्या डबीत भरून कमरेला खोचत. पुडीचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असला, तरी त्या डबीवर कसलेच चित्र नव्हते.

भीती दाखवूनही माणूस का हलत नाही, याचा विचार फार पूर्वी झालेला आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या लोकांच्या वस्तीजवळ नेल्या, तपासणी मोफत ठेवली, तरी पुष्कळ लोक आले नाहीत. तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला आणि त्यातूनच ‘आरोग्य-श्रद्धा प्रतिमान’ पुढे आले. त्याचा गाभा असा, की आजार आपल्याला होऊ शकतो आणि तो गंभीर आहे असे वाटणे पुरेसे नसते; सांगितलेल्या उपायाचा फायदा होईल आणि त्यातली अडचण आपल्याला पेलेल, असेही माणसाला वाटावे लागते. आशाताईंचे सारे बोलणे धोक्याविषयी होते आणि सासूबाईंची अडचण कोणी विचारलीच नव्हती. धोका मोठा आणि सुटकेची वाट दिसत नाही, अशा कोंडीत माणूस धोक्याकडेच पाठ फिरवतो. गोठा हे त्याचेच उदाहरण होते.

पहिल्या भेटीत मी सुनेला बाहेर बसायला सांगितले आणि कर्करोगाचे नावही काढले नाही. “मावशी, कोणत्या वेळची मिश्री चुकली तर सगळ्यांत जड जाते?” एवढेच विचारले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाल्या, “माले समदं मालूम शे, माय. पन सकायले मिसरी लाई नही ते पोट साफ व्हत नही.”

हे वाक्य अनेक जण अडाणीपणा म्हणून झटकून टाकतात, आणि ते मला मनापासून चुकीचे वाटते. निकोटीन आतड्यांच्या हालचालीला चालना देते आणि ते अचानक बंद केल्यास काही दिवस बद्धकोष्ठता होऊ शकते. त्यांचा अनुभव खरा होता. तो कायमचा नसतो आणि त्यावर उपाय आहे, एवढेच त्यांना कोणी सांगितले नव्हते. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस औषध, असे आम्ही ठरवले. चट्ट्यासाठी दंतवैद्यांकडे तपासणी झाली आणि त्यांनी ठरावीक मुदतीने पुन्हा दाखवायला सांगितले.

दुसरी अडचण कापसाच्या शेतात होती. वेचणीला जाणाऱ्या बायकांत डबी एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ती नाकारणे म्हणजे सोबतच नाकारणे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ, म्हणजे साधारण चौघांतील एक, धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळले होते. इतक्या सर्रास चालणाऱ्या गोष्टीला एकटीने नकार द्यायला बळ लागते.

त्यानंतर मी आशाताईंशी स्वतंत्र बोलले. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये धूम्रपान स्वतःच्या प्रयत्नाने सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाच्या टप्प्यांची मांडणी केली. विचारही मनात नसणे, विचार सुरू होणे, तयारी, कृती आणि टिकवणूक, असे ते टप्पे आता सांगितले जातात. सासूबाई विचारापर्यंत पोहोचल्या होत्या आणि सून त्यांच्याकडून थेट कृती मागत होती. विचारात असलेल्या माणसाला रोज “सोडली का?” असे विचारले, की तो न सोडण्याची कारणे गोळा करू लागतो. म्हणून पंधरा दिवस घरात हा विषय काढायचा नाही, असे मी सुचवले. त्यांना ते फार कठीण गेले, पण त्यांनी पाळले.

सुरुवात सर्वांत सोप्या वेळेपासून, म्हणजे रात्री झोपतानाच्या मिश्रीपासून केली. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची कल्पना येथे उपयोगी पडते, कारण “हे मला जमते” हा विश्वास उपदेशाने येत नाही. थोडे जमल्यानेच येतो. आठवडाभर रात्रीची मिश्री सुटली, तेव्हा मावशींनी ते स्वतःहून सांगितले आणि पूर्ण सोडण्याचा दिवसही स्वतःच निवडला. खानदेशात श्रावणात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवार. “कानबाई गई, का सोडसू,” म्हणजे कानबाई गेली की सोडीन, असे त्या म्हणाल्या. घरच्या रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, सगळे काम त्यांच्याच हाती असते, त्यामुळे त्या दिवसाला जे वजन होते ते मी सुचवलेल्या कोणत्याही तारखेला आले नसते.

पहिले तीन दिवस चिडचिड आणि डोकेदुखी होती. तलफ साधारण काही मिनिटांत ओसरते, म्हणून तेवढा वेळ हात गुंतवायला त्या बडीशेप निवडत बसत. दीड महिन्यानंतर नात्यातल्या एका दहाव्याला बायकांनी डबी पुढे केली आणि त्यांनी दोन दिवस पुन्हा मिश्री लावली. आशाताई हताश होऊन फोनवर म्हणाल्या, “सगळे वाया गेले.” मी त्यांना सांगितले की दीड महिना वाया जात नाही. मावशींना मात्र मी एवढेच विचारले, की अशा जागी पुढच्या वेळी डबी पुढे आली तर काय म्हणाल. त्यांनी उत्तर शोधले: “डॉक्टरनी तोंड तपासाले बलायेल शे.” ते खरेही होते आणि त्याने कोणाचा मानही मोडत नव्हता.

आता चार महिने झाले आहेत. तंबाखू भाजण्याचा तवा मात्र अजून गोठ्याच्या खुंटीवर टांगलेला आहे. तो भंगारात द्यावा का, असे आशाताईंनी गेल्या आठवड्यात विचारले. मी म्हटले, त्याला हात लावू नका. तो मावशींचा आहे आणि कधी काढायचा ते त्याच ठरवतील.