घर नदीच्या अलीकडेच घ्या, मग शिष्यवृत्तीचं बघू

तुम्ही विचारलंय की जॉर्जियातल्या कोलंबसला बदली होतेय, मुलगी दहावीत जाईल, फिनिक्स सिटीत घरभाडं कमी दिसतंय, आणि इथल्या मुलांना कॉलेजसाठी कुठल्या शिष्यवृत्त्या मिळतात. आम्ही इथे चौदा वर्षं आहोत, दोन मुलांचे अर्ज भरून झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घराचं. चॅटाहूची नदीवरचा पूल ओलांडला की फिनिक्स सिटी, म्हणजे अलाबामा राज्य. भाड्यात वाचवाल ते फीमध्ये घालवाल, कारण होप शिष्यवृत्ती, म्हणजे चांगल्या गुणांवर कॉलेजच्या फीसाठी राज्याकडून मिळणारी मदत, जॉर्जियाच्या रहिवाशांनाच मिळते. १९९३पासून ती राज्याच्या लॉटरीच्या पैशावर चालते. बारावी संपताना तुम्ही जॉर्जियाचे रहिवासी असाल तर सलग १२ महिन्यांचा रहिवास पुरतो, नसाल तर २४ लागतात.

होपला जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी, ३.० लागतो. होपच्या वरची पायरी असलेल्या झेल मिलर शिष्यवृत्तीला ३.७ आणि शिवाय सॅट या प्रवेशपरीक्षेत १६००पैकी १२०० गुण. पण हा जीपीए शाळेच्या गुणपत्रिकेवरचा नव्हे! राज्य फक्त मुख्य विषय धरून वेगळा मोजतं. ऑर्केस्ट्रा, पीई (शारीरिक शिक्षण) यांतले सगळे ‘ए’ गळतात. आमच्या मोठ्याचा शाळेत ३.९ होता, तिकडे ३.६ निघाला, नववीतला स्पॅनिशचा ‘सी’ नडला. जीए फ्यूचर्स या राज्याच्या वेबसाइटवर खातं उघडून दहावीतच बघून ठेवा.

आणि कडू गोष्ट: मुलगी एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर असेल तर होप नाही आणि फेडरल (केंद्र सरकारची) मदतही नाही. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड लागतं. अशा घरांनी स्थानिक खासगी निधींकडे जास्त लक्ष द्यावं. काही जण व्हिसाची अट घालतात, काही घालत नाहीत; प्रत्येकाला फोन करून विचारायचं, लाजायचं नाही.

इथे असे निधी बरेच आहेत, कारण हे जुनं गिरणगाव. ईगल अँड फिनिक्स गिरणीत आता लोक राहतात, पण गिरणीवाल्यांचा शिक्षणात हात फार पूर्वीपासून होता. १९०६मध्ये त्यांच्याच पाठिंब्याने इथे सरकारी औद्योगिक हायस्कूल निघालं. आज कम्युनिटी फाउंडेशन ऑफ द चॅटाहूची व्हॅलीकडे अनेक छोटे निधी एकत्र सांभाळले जातात. अमुक शाळेची मुलं, तमुक विषय, अशा अटी असतात. अट जितकी विचित्र तितके अर्जदार कमी, हा माझा अनुभव. उत्तरेला लाग्रांजला कॅलवे गिरणीवाल्यांच्या फाउंडेशनची हॅटन लव्हजॉय शिष्यवृत्ती आहे, पण ती ट्रूप काउंटीच्या रहिवाशांसाठी. पुन्हा पत्ताच!

निबंधाचं एक सांगते. धाकटीने आधी ‘नेतृत्वगुण’ वगैरे लिहिलं होतं, मी वाचून जांभई दिली. मग तिने आजोबांवर लिहिलं. माझे सासरे परळच्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात होते, १९८२च्या संपानंतर परत गेलेच नाहीत. मुलाखतीला लायब्ररीच्या एका खोलीत तिघं बसले होते. त्यांतल्या म्हाताऱ्या बाईंनी पहिलंच विचारलं, “आजोबांना कमी ऐकू यायचं का गं?” त्यांची आई इथल्याच बिब गिरणीत होती, घरात सगळे ओरडून बोलायचे. धाकटी म्हणाली, “आमच्याकडे अजून बोलतात.” निधी दीड हजार डॉलरचाच होता, पण मिळाला.

दुसरा एक हातचा गेला. शाळेने ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) वेळेत पाठवलंच नाही आणि आम्ही ‘पाठवलं असेल’ म्हणून गप्प बसलो. तेव्हापासून मुदतीच्या दोन आठवडे आधी मी स्वतः शाळेच्या ऑफिसात जाऊन उभी राहते. बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली की काही कॉलेजं स्वतःची मदत तेवढी कमी करतात, हेही प्रवेश घेण्याआधी विचारून ठेवा.

आल्या आल्या जॉर्जियाचं लायसन्स काढा, गाडी इथे नोंदवा, आणि पहिल्या वर्षाच्या राज्य टॅक्स रिटर्नची प्रत फाइलला लावून ठेवा. रहिवासाचा पुरावा मागतात तेव्हा हेच कागद लागतात.