कोटी : धनुष्याचे टोक आणि ३,३५,५०,३३६

इंदूरच्या रामबागेतील एका गणितशिक्षिकेने विचारले आहे की, “३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्यांच्या कोटीतील संख्या आहे” हे वाक्य शुद्ध आहे काय. त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते ‘कोटी’ हा केवळ एकावर सात शून्यांचा आकडा असून ‘दर्जा’ हा अर्थ हिंदीतून आला आहे, आणि आकडा सांगताना तर ‘करोड’च म्हणावे.

‘करोड’चे आधी सांगतो, कारण इंदुरातील मराठी घरांत तो शब्द रोज कानांवर पडतो आणि रोज खटकतो. संस्कृत ‘कोटि’चे प्राकृतात ‘कोडि’ झाले आणि हिंदीतील रूप त्याच कुळातले आहे. मराठीत ‘कोटी’ नांदत असताना ते टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही.

‘दर्जा’ हा अर्थ हिंदीचा, हे म्हणणे तर सर्वस्वी चुकीचे आहे. ‘कुट्’ म्हणजे वाकडे असणे. ‘कुटिल’ त्याच धातूचा, आणि ‘कोटि’ म्हणजे धनुष्याचे ते वळलेले टोक, जेथे दोरी अडकवतात. टोकावरून शिखर, शिखरावरून पराकाष्ठा आणि तेथून ‘उच्च कोटीचा गायक’ असा अर्थविस्तार संस्कृतातच सुरू झालेला आहे. मोठ्या संख्येलाही हे नाव ‘मोजणीचे टोक’ म्हणून पडले असावे, असे माझे ठाम मत आहे. मोजणी परार्धापर्यंत (एकावर सतरा शून्ये) जात असल्यामुळे कोटीला टोक कसे म्हणावे, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मुळीच पटत नाही, कारण व्यवहारातील मोजणी जेथे थांबते तेथे पडलेले नाव विद्वानांनी पुढे आणखी स्थाने जोडल्याने खोटे ठरत नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) तर संख्या आणि टोक हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात. संख्यास्थानांत लक्ष, प्रयुत यांच्यामागून ‘कोटि’ येते, आणि काटकोन त्रिकोणात काटकोन करणाऱ्या दोन बाजू, भुज ३ व कोटि ४, असता कर्ण ५ निघतो. वर्तुळाचा कंस हा ‘चाप’, त्याची दोरी ‘ज्या’ आणि टोक ‘कोटि’, अशी ती सगळी परिभाषा धनुष्यावर उभी आहे. शाळेतील ‘कोज्या’ (कोसाइन) ही ‘कोटिज्या’च होय.

आता मूळ वाक्य. ३,३५,५०,३३६ म्हणजे ४०९६ गुणिले ८१९१. ती स्वतः सोडून तिचे २५ विभाजक आहेत आणि त्यांची बेरीज नेमकी तितकीच भरते, म्हणून ती परिपूर्ण आहे. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतरची ही पाचवी. ‘कोटीतील’ लिहिण्यात व्याकरणाची चूक नाही, परंतु आकडाच तीन कोटींचा असल्यामुळे ऐकणारा अडखळेल. ‘परिपूर्ण वर्गातील’ मात्र चुकूनही लिहू नये, कारण गणितात वर्ग म्हणजे संख्येला तिनेच गुणून येणारे फळ. ४०९६ हा ६४चा वर्ग आहे, पण ८१९१ ही मूळ संख्या एकदाच येत असल्याने ही संख्या कोणाचाच वर्ग होत नाही. ‘पूर्ण संख्या’ म्हटले तर शून्यापासूनच्या सगळ्याच संख्या त्यात आल्या. तेव्हा “३,३५,५०,३३६ ही परिपूर्ण संख्या आहे” एवढेच लिहावे, आणि फळ्यावर लिहून झाल्यावर वाचताना “तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस” असे वाचावे.