बाळ डब्लिनला झालं तर?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. नवऱ्याला डब्लिनमध्ये क्रिटिकल स्किल्स परमिटवर, म्हणजे टंचाईच्या कौशल्यांसाठी मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली आहे. तू पुण्यातली नोकरी सोडून पाठोपाठ निघणार आहेस आणि वर्षा-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे. तिकडे टॅक्स जबर म्हणतात, तर त्या बदल्यात दवाखाना, पाळणाघर, शाळा नीट मिळतात का, आणि बाळ तिथे झालं तर ते आयरिश होतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे आमचा हिशेब चुकला होता.

बाळ आपोआप आयरिश होत नाही. पूर्वी व्हायचं. २००४ च्या जूनमध्ये इथे आयर्लंडमध्ये सार्वमत झालं, जवळपास ७९ टक्के लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिलं आणि २००५ पासून नियम बदलला. आपल्यासारख्यांच्या बाबतीत आई किंवा बाबा, दोघांपैकी एकाने तरी बाळाच्या जन्माआधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षं इथे कायदेशीर वास्तव्य केलेलं असावं लागतं. आणि विद्यार्थी व्हिसावर काढलेला काळ त्यात धरत नाहीत. माझा नवरा २०१२ मध्ये मास्टर्सला आला, मुलगी २०१५ मध्ये झाली. आम्ही बोटांवर तीन वर्षं मोजली आणि निर्धास्त राहिलो. पासपोर्टचा अर्ज परत आला त्या दिवशी ती सहा आठवड्यांची होती. एका हाताने तिला खांद्यावर थोपटत मी ते पत्र तीनदा वाचलं. जिने भारत पाहिलाही नव्हता तिचा भारतीय पासपोर्ट काढला. त्या पासपोर्टचं मला दुःख नव्हतं, तो माझाही आहे. पण जी जागा तिचं जन्मगाव, तिथेच ती परकी ठरली हे मला फार लागलं. पुढे तिच्या बाबांना नागरिकत्व मिळालं, मग तिचं झालं.

पुढच्या काही वर्षांत इव्हाना बॅचिक हे नाव माझ्या कानावर पडलं. तेव्हा त्या विरोधी बाकांवरच्या लेबर पक्षाच्या सिनेटर होत्या आणि ट्रिनिटी कॉलेजात फौजदारी कायदा शिकवत. त्यांचे आजोबा चेक. दुसऱ्या महायुद्धानंतर ते इथे आले आणि १९४७ मध्ये त्यांनी वॉटरफर्डला काचेचा कारखाना काढला. स्थलांतर त्यांच्या घरातलंच. २०१८ च्या शरदात, इथेच जन्मलेल्या नऊ वर्षांच्या एका शाळकरी मुलावर देश सोडायची पाळी आली होती, आणि त्याची अख्खी शाळा त्याच्या पाठीशी उभी राहिली होती. त्याच सुमारास बॅचिक आणि त्यांच्या पक्षाच्या सिनेटरांनी विधेयक आणलं: इथे जन्मलेलं मूल तीन वर्षं इथे राहिलं असेल तर आईबापांच्या व्हिसाचा दर्जा न बघता त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करता यावा. तेव्हा अशा मुलांना पाच वर्षं थांबावं लागे.

सरकारने विरोध केला. ते सरकार लिओ वराडकरांचं होतं, म्हणजे ज्यांचे वडील आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. ते पंतप्रधान झाले तेव्हा इथल्या मराठी घरांत पेढे वाटले गेले, आमच्याही. पण आमच्या मुलांची बाजू त्या वेळी मांडली ती समोरच्या बाकांवरच्या एका चेक माणसाच्या नातीने. हे मी विसरत नाही. तितकंच खरं हेही, की तीन वर्षांची अट कायद्यात आली ती २०२३ मध्ये, वराडकर दुसऱ्यांदा पंतप्रधान असताना.

म्हणजे तुझ्यापुरतं सांगायचं तर नवरा आल्यापासून तीन वर्षांच्या आत बाळ झालं, तर ते जन्माने आयरिश नसेल. तीन वर्षांचं झालं की त्याच्यासाठी अर्ज करता येईल. यासाठी बाळाची वेळ पुढे ढकलू नकोस, फक्त आमच्यासारखी गाफील राहू नकोस.

आता सुविधांकडे येते. एजंट, कंपनीचा एचआर, यूट्यूबवरचे व्हिडिओ यांच्याकडून कळतं त्याहून खरं चित्र मला विरोधी सिनेटरांच्या भाषणांतून कळत आलं आहे. इथल्या सिनेटला शॅनड म्हणतात. आपल्या विधान परिषदेची सख्खी बहीणच म्हण. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघ, तसे इथे विद्यापीठांचे सहा सदस्य, आणि बॅचिक त्यातूनच निवडून येत. आपल्याकडे राज्यपालनियुक्त बारा, इथे पंतप्रधानांनी नेमलेले अकरा. बाकीचे ४३ मुख्यतः नगरसेवकांच्या मतांवर येतात. एकूण ६०. या सभागृहाला विधेयक पाडता येत नाही, फार तर ९० दिवस अडवता येतं. म्हणून २०१३ मध्ये ते बरखास्त करायचं सार्वमत झालं, आणि लोकांनी थोडक्यात का होईना ते राखलं. बरं केलं. सत्ता नसलेल्या माणसाने तिथे मुद्दा धरून ठेवायचा, आणि चार वर्षांनी सरकारने तोच आपला म्हणून कायद्यात घालायचा, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

पगाराचंच घे. २०१७ मध्ये बॅचिक यांनी विरोधात असताना विधेयक मांडलं, की कंपन्यांनी बायका आणि पुरुष यांच्या पगारातली तफावत जाहीर करावी. सरकारने २०२१ मध्ये स्वतःचा कायदा केला. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांना आकडे छापावे लागले, आता ५० माणसांच्या कंपनीलाही लागतात. तू इथे नोकरी शोधशील, क्रिटिकल स्किल्सवाल्याच्या जोडीदाराला वेगळं परमिट लागत नाही, तेव्हा मुलाखतीआधी त्या कंपनीचा हा अहवाल काढून वाच. एका ठिकाणचा अहवाल वाचून मी पगाराचा आकडा वाढवून मागितला होता, आणि मिळाला.

त्याच २०१७ मध्ये फ्रीलान्स काम करणाऱ्यांना, म्हणजे डबिंगचे कलाकार, वादक, पत्रकार यांना एकत्र येऊन मानधन ठरवता यावं असा कायदा झाला. त्याचं विधेयकही मूळ बॅचिक यांचंच.

बाळंतपणाची रजा २६ आठवडे, वर १६ आठवडे बिनपगारी. पण आपल्याकडे कंपनी पूर्ण पगार देते, तसं इथे कंपनीवर बंधन नाही. काही देतात, काही देत नाहीत. सरकारी भत्ता मिळतो, तो पगाराच्या मानाने बराच कमी, आणि त्यालाही पीआरएसआय, म्हणजे पगारातून कापला जाणारा सामाजिक विमा, भरलेला असावा लागतो. सरळ मार्ग म्हणजे रजेआधीच्या १२ महिन्यांत ३९ आठवड्यांचा. म्हणजे येऊन लगेच दिवस गेले आणि नोकरी लागलेली नसेल, तर तुझ्या हातात हा भत्ता येणार नाही. हे आधीच धरून चाल.

आणि एक गोष्ट, जी कुणी बोलत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ टिकला नाही, तर त्यासाठी वेगळी कायदेशीर रजा इथे नाही. मारी शेरलॉक या लेबरच्या सिनेटरनी २०२१ मध्ये त्यावर विधेयक आणलं. अशा वेळी २० दिवसांपर्यंत आणि आयव्हीएफसारख्या उपचारांसाठी १० दिवसांपर्यंत पगारी रजा असावी, असं त्यात होतं. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने हा विषय धसाला लावला होता. माझ्या ओळखीची एक मुलगी अशा प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी पोट दुखतंय एवढंच सांगून कामावर गेली होती. त्या चर्चा वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की तिच्याबद्दल कुणीतरी सभागृहात बोललं.

दवाखान्याचं सांगते. सहज उठून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे गेलो, असं इथे नाही. आधी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, त्याचे ५० ते ७० युरो, मग त्याची चिठ्ठी, मग रांग. काही ठिकाणी जीपी नवे पेशंटच घेत नाहीत, म्हणून घर बघायच्या आधी त्या भागातल्या दवाखान्यांना फोन कर. आठ वर्षांखालच्या मुलांना जीपी फुकट आहे. चिठ्ठीशिवाय इमर्जन्सीत गेलीस तर १०० युरो. गरोदरपणातली तपासणी आणि बाळंतपण मात्र सरकारी व्यवस्थेत मोफत होतं आणि सुईणी फार मायेच्या असतात, माझा अनुभव उत्तम आहे. नर्सेसची संघटना खाट न मिळता ट्रॉलीवर पडलेल्या पेशंटचा रोजचा आकडा जाहीर करते, आणि हिवाळ्यात विरोधी सिनेटर तोच आकडा घेऊन मंत्र्यांना धारेवर धरतात. तुमच्या भागातल्या हॉस्पिटलचा आकडा महिनाभर बघत राहा.

पाळणाघर हे सगळ्यात अवघड. अनुदानामुळे खर्च पूर्वीपेक्षा उतरला आहे, तासाला २.१४ युरो सरकार देतं. पण वर्षाखालच्या बाळाला जागाच मिळत नाही. पोटात असतानाच नाव घाल, दोन-तीन ठिकाणी. तीनच्या आसपास मूल आलं की शाळेआधीची दोन वर्षं रोज तीन तास फुकट असतात. तीनच तास, म्हणजे नोकरी करणारीला उरलेल्या दिवसाची सोय बघावीच लागते.

शाळांची फार काळजी करू नकोस. दहातल्या नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली आहेत, पण २०१८ च्या कायद्यानंतर बाप्तिस्मा नाही म्हणून त्या तुझ्या मुलाला मागे ढकलू शकत नाहीत. घरभाड्याची मात्र कर. डब्लिनमध्ये नव्या भाडेकरूला दोन हजार युरोच्या खाली धड घर मिळणं कठीण.

शॅनडच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर शब्दन् शब्द असतात. तिथे कमेन्समेंट मॅटर्स नावाचा भाग असतो. एखादा सिनेटर एकच प्रश्न घेऊन उभा राहतो, अमुक गावात जीपी नाही, अमुक शाळेत विशेष मुलांचा वर्ग नाही, आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. तुम्ही जिथे घर बघताय त्या भागाचं नाव टाकून शोध. तासाभरात कळेल ते दलाल वर्षभरात सांगणार नाही.

आणि इथे राहायला लागल्यावर स्थानिक निवडणुकीत मत देता येतं, नागरिक नसलीस तरी. अठरा वर्षं पूर्ण आणि इथला पत्ता, एवढंच लागतं. पीपीएस नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, हातात आला की त्याच आठवड्यात मतदार यादीत नाव घाल. तुझ्या मताने नगरसेवक निवडला जातो आणि नगरसेवकांच्या मताने सिनेटर. आमच्या नगरसेविकेला मी पाळणाघरांबद्दल दोन पानी पत्र लिहिलं होतं, आणि तिने घरी फोन करून अर्धा तास ऐकून घेतलं.

येताना लग्नाचा दाखला इंग्रजीत आणि अपॉस्टिल करून, म्हणजे परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का मारून, आण. आणि नवऱ्याच्या परमिटची तारीख, तो इथे उतरण्याचा दिवस आणि आधी कधी विद्यार्थी म्हणून इथे राहिला असेल तर तेही मला कळव. तीन वर्षांचा हिशेब आपण दोघी मिळून मांडू.