साहेबांच्या रागाची वेळ

प्रश्न : आदरणीय ताई, मी 37 वर्षांचा असून बॅलार्ड इस्टेटमधील एका कस्टम क्लिअरिंग एजन्सीत 11 वर्षे नोकरी करत आहे. न्हावा-शेवा बंदरात येणाऱ्या मालाचे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचे आयातीचे विवरणपत्र, भरणे आणि त्यासाठी आयातदारांकडून कागदपत्रे मिळवणे हे माझे मुख्य काम आहे. तीन वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी कारभार मुलाच्या हाती सोपवला. धाकटे साहेब सकाळी तोंडी सूचना देतात, दुपारी त्या बदलतात आणि उशिराचा आकार भरावा लागला की सर्वांसमोर मला वाटेल तसे बोलतात. मी ऐकून घेतो. रात्री बदलापूरला घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ वाजतात. माझी पत्नी परिचारिका असून तिच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे आम्हाला एकत्र वेळ थोडाच मिळतो आणि त्यातही मी साहेबांविषयीच बोलतो, नाहीतर चिडचिड करतो. गेल्या आठवड्यात ती म्हणाली, “आपल्या घरात तुमचे साहेबच राहायला आले आहेत.” मी नोकरी सोडावी का?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. नोकरी सोडण्याचा प्रश्न आपण शेवटी विचारला आहे, पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी धाकट्या साहेबांच्या रागाची वेळ पाहू या, कारण आपल्याच लिहिण्यात ती स्पष्ट दिसते. हा राग उशिराचा आकार पडल्यावर येतो. आपल्या व्यवसायातील एका जाणकार परिचितांकडून मी समजून घेतले, की जहाज बंदरात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत बिल ऑफ एन्ट्री दाखल करणे 2021 पासून सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस दररोज 5,000 रुपये आणि त्यानंतर दररोज 10,000 रुपये आकार पडतो, आणि कंटेनर अडकून राहिला तर शिपिंग लाइनचे भाडे निराळे. आयातदाराने इन्व्हॉइस पाठवायला दोन दिवस लावले तरी रक्कम भरायची वेळ आली, की तोच आयातदार एजन्सीच्या मालकाला फोन करून जाब विचारतो. वडिलांनी जमवलेली गिऱ्हाइके आपल्या काळात तुटतील ही भीती धाकट्या साहेबांच्या मनात असणे अगदी शक्य आहे, आणि ती भीती आपल्यावर आवाज चढवून बाहेर पडत असावी. याने त्यांचे वागणे क्षम्य ठरत नाही. परंतु माणूस कोणत्या क्षणी घाबरतो हे कळले, तर त्या क्षणाच्या आधी त्याच्यापर्यंत पोहोचता येते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी, की रोज सकाळी साहेबांचा पहिला फोन सुरू होण्यापूर्वी त्यांच्या टेबलावर एक कागद ठेवावा. कोणते जहाज कोणत्या तारखेला लागणार आहे, कोणत्या मालाचा कोणता कागद आलेला नाही, तो कोणाकडे आणि किती दिवस अडकला आहे, एवढेच त्यावर असावे. आयातदाराचा फोन येईल तेव्हा उत्तर साहेबांच्या हाताशी असेल आणि ते आपण दिलेले असेल. दुपारी सूचना बदलली, तर लगेच व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहाव्यात : “आपण आता सांगितल्याप्रमाणे अमुक फाइल थांबवतो. जहाज 14 तारखेला लागणार आहे, त्यामुळे 13 तारखेपर्यंत निर्णय कळवावा.” सूर मात्र कामाचाच असू द्यावा. वरिष्ठांविरुद्ध पुरावा गोळा करणाऱ्या माणसाची भाषा त्यांना लगेच ओळखू येते आणि मग साधा निरोपही भांडणाचे कारण होतो.

सर्वांसमोर होणाऱ्या अपमानाविषयी मात्र आपल्याला बोलावेच लागेल. ज्या दिवशी ते ओरडले त्या दिवशी बोलू नये. एखाद्या शांत संध्याकाळी केबिनमध्ये जाऊन सांगावे, “साहेब, माझी चूक झाली तर मला इथे बोलावून सांगा, मी ती सुधारेन. सर्वांसमोर बोललात की हाताखालची मुले मला विचारेनाशी होतात आणि फाइल जिथल्या तिथे राहते.” यात तक्रारही आहे आणि धंद्याचे कारणही आहे, म्हणून ती ऐकली जाण्याची शक्यता अधिक. मी स्वतः फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करत असताना अशी दोन वाक्ये बोलायला चार वर्षे लावली. बोलल्यावर फारसे काही घडले नाही. समोरचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले, इतकेच. परंतु त्या संध्याकाळी मी घरी गेले ती निराळ्या चालीने, आणि ती चार वर्षे उगाच घालवल्याची खंत मला अजूनही आहे.

एक प्रश्न थोडा टोचेल, तरीही विचारते. साहेब आपल्याला बोलतात त्या दिवशी आपण त्या हाताखालच्या मुलांशी कसे बोलता? कार्यालयातला राग पायऱ्या उतरत जातो आणि शेवटच्या पायरीवर बहुधा नुकताच नोकरीला लागलेला, सकाळपासून बंदरावर उन्हात उभा असलेला एखादा मुलगा असतो. आपल्यापाशी तो राग थांबला, तर कार्यालयात आपल्या बाजूने उभी राहणारी दोन माणसे आपोआप तयार होतील, आणि साहेबांच्या कौतुकाची वाट न पाहता कामात समाधान मिळण्याचा तो एक खरा मार्ग आहे.

आता घराविषयी. आपल्या पत्रात साहेबांविषयी अनेक वाक्ये आहेत आणि पत्नीच्या कामाविषयी फक्त एक : तिच्या पाळ्या बदलतात. ती कोणत्या वॉर्डात असते, रात्रपाळीत तिच्याकडे किती रुग्ण असतात, तिचे वरिष्ठ तिच्याशी कसे वागतात, यांतले काहीच त्यात नाही. आपल्याला हे ठाऊक नाही असे मी म्हणत नाही; मात्र तिचे ते एक वाक्य याच रिकाम्या जागेतून आले असावे असे मला वाटते. साहेबांना शिव्या दिल्या जातात की शाबासकी, याने तिला फरक पडत नाही, कारण आपले सारे लक्ष त्यांच्याकडे गेले आहे हे ती पाहते आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूरपर्यंतच्या प्रवासात कल्याण येईपर्यंत साहेबांचा काय तो विचार करावा, सोबतच्या मित्राशी बोलून मन मोकळे करावे, आणि कल्याण सोडल्यावर तो विषय थांबवावा. घरी गेल्यावर आधी तिच्या दिवसाची चौकशी करावी आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत आपले सुरू करू नये. तिच्या पाळ्यांचा महिन्याचा तक्ता फ्रिजवर लावून दोघे एकाच वेळी घरी असाल अशा वेळा शोधाव्यात. आठवड्यात अशा वेळा दोनच निघाल्या तरी त्या दुसऱ्या कोणालाही देऊ नयेत. ती रात्रपाळीला निघते त्या दिवशी आपण आधी घरी पोहोचू शकत असाल, तर तिचा डबा आपण भरावा. इतक्या दिवसांच्या बोलण्याने जे झाले नाही, ते त्या डब्याने होईल असा माझा अनुभव आहे.

हे सर्व तीन महिने मनापासून करून पाहावे. त्यानंतरही अपमान तसाच चालू राहिला, तर नोकरी जरूर सोडावी, मात्र दुसरी हातात आल्यावर. 11 वर्षांचा बंदराचा अनुभव आपला आहे, आणि ‘जी कार्ड’साठी कस्टम एजन्सीच्या कर्मचाऱ्यांना द्यावी लागणारी परीक्षा आपण उत्तीर्ण असाल तर दुसऱ्या एजन्सीतही तिला किंमत आहे. मधल्या काळात झोप उडाली, कामाचा वीट आला आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे सतत वाटू लागले, तर तो आळस समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये कामाच्या दीर्घ ताणातून येणाऱ्या या अवस्थेची नोंद आपल्या आजार-वर्गीकरणात घेतली. तिला आजार म्हटलेले नसले, तरी मदत घ्यावी इतकी ती गंभीर असते. 14416 या टेली-मानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

प्रश्न : मी 26 वर्षांची असून वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कार्यालयात काम करते. माझे वरिष्ठ रात्री संदेश पाठवतात, माझ्या कपड्यांविषयी बोलतात आणि गाडीतून घरी सोडण्याचा आग्रह धरतात. नकार दिल्यापासून ते माझ्या कामात खोट काढू लागले आहेत. त्यांच्याशी कसे वागावे?

उत्तर : त्यांना सांभाळून घेण्याची जबाबदारी आपली नाही. आपण वर्णन केलेले वर्तन 2013 च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळात मोडू शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे; आपल्याकडे ती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर मुंबई उपनगर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. सबळ कारण असेल तर समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नये. चौकशी चालू असताना आपली किंवा त्यांची बदली व्हावी, अथवा आपल्याला रजा मिळावी, अशी लेखी मागणी करण्याचा आपल्याला हक्क आहे. आलेला एकही संदेश पुसू नये. आज रात्रीच तारीख आणि वेळ घालून सर्व घटना क्रमाने लिहून काढाव्यात, आणि तो कागद ज्या व्यक्तीवर आपला पूर्ण विश्वास आहे, तिला उद्याच दाखवावा.