ओले लंगोट मोज

प्रिय पोरी,

तुझा निरोप पहाटे तीनच्या सुमारास आलेला दिसला. साडेदहा, बारा, दीड, पावणेतीन असा सगळा हिशेब त्यात होता, आणि शेवटी सासूबाईंचं वाक्य: "दूध पातळ आहे, पोट भरत नाही त्याचं." चार महिन्यांचं बाळ किती वेळा उठलं ते तू घड्याळ लावून लिहिलंस. दिवसभरात लंगोट किती ओले झाले, महिन्यात वजन किती वाढलं, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणून आधी तेवढंच सांगते. उठणं मोजू नकोस, ओले लंगोट मोज.

चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट चांगले भिजलेले, लघवी फिकट, आणि आठवड्याला साधारण १०० ते १५० ग्रॅम वाढ, एवढं असेल तर दूध पुरतंय. पहिल्या तीन महिन्यांत वाढ याहून वेगाने होते, नंतर मंदावते. ती मंदावलेली पाहूनच घरातले घाबरतात. पावसात कपड्याचे लंगोट वाळत नाहीत म्हणून तू डायपर घालतेस, त्याला हरकत नाही. कोऱ्या डायपरमध्ये तीन मोठे चमचे पाणी ओत आणि हातात तोलून बघ. तेवढा जड झाला की एक ओला धर. वजन दर वेळी एकाच काट्यावर, उघड्या अंगाने कर, आणि माता-बाल कार्डावरच्या तक्त्यात टिंब मांडून घे. एका आकड्याला अर्थ नाही, रेघ कुठे चालली आहे ते बघायचं.

आता तो का उठतो ते ऐक. आईचं दूध दीड-दोन तासांत पचतं, हा त्याचा दोष नव्हे, गुण आहे. शिवाय चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडणच बदलते. तासाभराने झोप पातळ होते आणि छातीशी झोपायची सवय असलेलं बाळ तिथेच तुला शोधतं. याच वयात त्याला जग दिसायला लागतं. दिवसा दोन घोट घेतले की मान वळवून पंखा बघायचा, आवाजाकडे वळायचं, आणि राहिलेलं दूध रात्री वसूल करायचं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली आहे. घर पाहुण्यांनी भरेल, बाळ या हातातून त्या हातात फिरेल, कोणी म्हणेल "आत्ता हसतोय, थांब जरा," आणि दोन पाजणी हुकतील. त्या रात्री तो दुप्पट उठेल आणि खापर तुझ्या दुधावर फुटेल. म्हणून दिवसा दर दोन-अडीच तासांनी त्याला आतल्या खोलीत ने, दार लाव, उजेड कमी कर आणि पोटभर पाज. गणपतीवर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधायला घरात दुसरे हात आहेत.

पाजताना हनुवटी छातीला टेकलेली, तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा. गिळण्याचा आवाज यायला हवा. सुटल्यावर स्तनाग्र तिरकं चेपलेलं दिसलं तर पकड चुकली. अशा वेळी बाळ अर्धा तास चोखतं, पोट भरत नाही आणि तुझ्या चिरा वाढतात. करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. गिळणं मंदावलं की स्तन हलक्या हाताने दाब, दूध पुन्हा येतं. एक बाजू मऊ झाली की मगच दुसरी. रात्री दोन बाजूंच्या मध्ये लंगोट बदल, म्हणजे शेवटी पिता पिता झोपेल. दिवा मंद, बोलणं नाही, खेळवणं नाही, मोबाईल तर नाहीच.

आणि वरचं दूध "फक्त रात्री एकदा" नको. दूध बनवायला लावणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्रीच जास्त असतं, आणि स्तन भरून राहिला की शरीर दूध बनवणं कमी करतं. रात्रीचं एक पाजणं गेलं की काही दिवसांत दिवसाचंही उतरतं, मग सगळे म्हणतात, बघा, दूध नव्हतंच! याबाबत मी हट्टी आहे असं लोक म्हणतात. म्हणू देत. बाळाचं वजन नीट वाढत असताना केवळ झोपेसाठी डबा आणणं मला पटत नाही, पटणारही नाही. रेघ खरोखर खाली घसरली तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टर सांगतील ते कर. पण ती घसरली हे लंगोट आणि काटा सांगेल, सासूबाई नव्हेत.

सहा महिने पाणी नको, पेज नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर नको. कुळागरात, म्हणजे आपल्या सुपारीच्या बागेत, जायफळ पिकतं म्हणून ते उगाळून चाटवायचं नाही. जायफळाने येणारी ती झोप नव्हे, गुंगी आहे, आणि बाळाला ती विषासारखी बाधते. यावर वाद घालायला मला वेळ नाही.

झोपवताना बाळ पाठीवर, गादी घट्ट, मोहरीची उशी बाजूला, भोवती मऊ पांघरुणं नाहीत. कूस घेऊन पाजलंस तर पाजून झाल्यावर त्याला शेजारच्या त्याच्या जागेवर ठेव. बसून डुलक्या येत असतील तर सोफ्यावर पाजू नकोस, ती जागा सर्वांत धोक्याची. डासांसाठी जाळी लाव, अगरबत्ती आणि धुरी नको.

सव्वीस आठवड्यांची रजा संपून तू वेर्ण्याला कामावर जाशील तेव्हा तो रात्री आणखी उठेल, दिवसभराचं दूध आणि आई दोन्ही वसूल करायला. तेव्हाही तेच मोज. दोन आठवडे आधी सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने दूध काढायला लाग. तू बाहेर असशील त्या प्रत्येक तासाला ३० ते ४० मिली धर. आपल्या उकाड्यात बाहेर तीन तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस, फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही. कोमट पाण्यात बाटली ठेवून गरम कर, उकळायचं नाही, आणि वाटी-चमच्याने पाजायला घरातल्यांना आत्ताच शिकव. कंपनीत पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा कायद्यात आहे. संकोच न करता विचार.

लंगोट आठ तास कोरडा, बाळ चोखत नाही, गळून गेलंय किंवा ताप आहे, तर सकाळची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन लाव. आणि बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, दोन आठवडे रडू आवरत नसेल, तर ते कोणापासून लपवू नकोस. डॉक्टरांना सांग, नाहीतर १४४१६ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर बोल. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री नऊ ते बारा बाळाला खांद्यावर घेणं ही कामं त्याच्या बापाची, त्याला छाती लागत नाही. तेवढे तीन तास तू झोप, दार लावून, आणि पाजण्यापुरतंच तुला उठवायचं असं त्याला आजच सांगून ठेव.